सहादेवचे पहारे

सप्ताहाच्या सातव्या दिवशी दुपारी दोन ते चारचा पहारा हनुमंताचा होता. चार वाजत आले तरी वीणा मात्र सहादेवच्याच गळ्यात होती.

प्रवरेकाठच्या त्या वाडीत हरिनाम सप्ताह बसला, की सात दिवस वीणा भुईला टेकत नाही. दोन-दोन तासांचे पहारे लावलेले असतात. नवा पहारेकरी येतो, दोघं एकमेकांच्या पाया पडतात, वीणा या गळ्यातून त्या गळ्यात जाते, तेव्हा कुठे आधीचा मोकळा होतो. तोवर त्यानं बसायचं नाही, खांबाला पाठ टेकायची नाही. तारेवर बोट आणि तोंडात नाम ठेवून संथ पावलांनी फिरत राहायचं. चैत्राचं ऊन पत्र्यावर उतरलं, की दुपारचा पहारा कुणालाही जड जातो. सहादेवनं मात्र तो रोज कुणाकडून तरी मागून घेतला. पहाटेचेही घेतले. काल्याच्या कीर्तनातली वीणाही त्यानंच धरायची ठरली.

खरी गोष्ट एवढीच होती, की त्याला बसता येत नव्हतं.

ट्रॅक्टरवर बसून बसून दुखणं लागलं होतं. पाच महिने कारखान्याला ऊस वाहिला. रात्रंदिवस बूड सीटवर. आधी नुसती खाज होती, मग कोंब बाहेर आला आणि मग रक्त. नेवाशाच्या मेडिकलमध्ये जाऊन त्यानं वडिलांसाठी म्हणून मलम मागितलं. वडील जाऊन नऊ वर्षं झाली होती. दुकानातल्या रेश्मानं ट्यूब देताना नीट समजावलं. परसाकडं जाऊन आलं की कोमट पाण्यानं धुवायचं, कोरडं करायचं आणि थोडंसं लावायचं, दिवसातून दोनदा, आठवडाभर. रक्त थांबलं नाही तर म्हाताऱ्याला डॉक्टरकडं न्या, असंही ती म्हणाली. सहादेवचं सगळं लक्ष ट्यूब खिशात कशी दडवावी यात होतं. तीन आठवड्यांत ही चौथी ट्यूब चालू होती. ती ट्रॅक्टरच्या पान्यांच्या पेटीत, ग्रीसच्या डब्याशेजारी राहायची. प्रत्येक पहाऱ्याआधी तो गोठ्यामागं जाऊन बोटभर मलम फासायचा. थोडा वेळ गार वाटायचं, बधिरही व्हायचं. मग पुन्हा अशी आग उठायची की दात आवळूनच नाम घ्यावं लागायचं.

त्यात सप्ताहाचं व्रत म्हणून सात दिवस फराळावर होता. शाबूची खिचडी आणि शेंगदाण्याचा लाडू. वीणा गळ्यात असताना बाहेर जाता येत नाही, म्हणून पाणीही घोटभरच. पोट दगडासारखं झालं होतं. सकाळी परसाकडं बसलं की डोळ्यांत पाणी यायचं.

हनुमंत टॉवेलनं तोंड पुसत मंडपात आला. मागून भीमाजीअण्णा. सप्ताहाचा सगळा कारभार अण्णांकडं. पंचाहत्तरी उलटलेला, काठी टेकत चालणारा माणूस.

"माफ कर दादा, डोळा लागला," हनुमंत म्हणाला. "पर तुला कुटं घाई हाय म्हना. तू आता वीना घेऊनच जेवनार, वीना घेऊनच झोपनार."

"घे आता," सहादेव म्हणाला.

"थांब की. अण्णांना काय बोलायचंय."

अण्णा बोलण्याआधी सहादेवच्या पायाशी वाकले. सहादेव मागं सरला. "अण्णा, आवं काय करताय. मी लेकरासारका हाय तुमाला."

"वयाचं काय घिऊन बसला. चौदा पहारे झाले तुझे. पन्नास वर्सं मी ह्यो सप्ता बघतोय, असं कुनी उभं राह्यलं न्हाई. उद्या काल्याला वाल्मिकमहाराज तुझं नाव घेनार हायेत. कीर्तन झालं की जोडीनं बसून पूजा तुमच्याच हातची. चांगुणाला सांग, शालू काढून ठिव."

"बसून?" सहादेवच्या तोंडून गेलं.

"मग पूजा काय उभ्यानं करत्यात व्हय?" हनुमंत हसला. अण्णांच्या डोळ्यांत मात्र पाणी होतं. ते पाणी पाहून सहादेवनं नुसती मान डोलावली. तिथंच सांगितलं असतं तर तिघांत मिटलं असतं. तो वीणा हनुमंताच्या गळ्यात घालून घराकडं निघाला.

घरी आला तर चांगुणा न्हाणीपाशी उभी. हातात त्याचं सकाळचं धोतर.

"हे काय हाय?"

"पान खाल्लं हुतं."

"धोतरानं खाल्लं व्हय?"

सहादेवनं दाराकडं पाहिलं. चांगुणानं कडी लावली.

"कवापासनं?"

"मूळव्याध हाय. मलम लावतोय."

"कवापासनं इचारलं मी."

"ऊस सुरू झाल्यापासनं."

ती धोतर तसंच बादलीत टाकून खाली बसली. तिचा थोरला भाऊ असाच होता. मूळव्याध, मूळव्याध म्हणत दोन वर्षं अंगावर काढली आणि शेवटी नगरला नेला तेव्हा दुसरंच काही निघालं. ते नाव तिनं घेतलं नाही. सहादेवनंही काढलं नाही. पण दोघांच्या मधे ते येऊन बसलं.

"सकाळी नेवाशाला जायचं," ती म्हणाली.

"सकाळी काला हाय."

"कुनालातरी द्या ती वीना."

"दुपारी बाराला हंडी फुटली की वीना खाली ठिवायची. मंग लगीच जाऊ. दोन तासाचा तर प्रश्न हाय, चांगुणे."

"मलम लावायला लाज वाटली न्हाई, बायकूला सांगायला वाटली."

"तसं न्हाई." तो दाराला हात टेकून उभा होता. "अण्णा पाया पडले माज्या. आज. सारी वाडी पाया पडती. बाया लेकरं आनून पायावर घालत्यात. आन् मी बसता येत न्हाई म्हनून उभा हाय. आता कुन्या तोंडानं सांगू?"

चांगुणा उठली. तिनं चुलीवर पाणी ठेवलं, कोमट केलं आणि त्याच्यापुढं तांब्याभर प्यायचंही आणून ठेवलं. तो अर्धंच प्यायला.

दुसऱ्या दिवशी दहाला मंडप फुलून गेला. शेजारच्या तीन गावांची माणसं आली होती. मधोमध उंच दहीहंडी टांगलेली, खाली मृदंग, मागं टाळकऱ्यांच्या दोन ओळी, पुढं वाल्मिकमहाराज. तिशीतला पोरगेला माणूस, पण आवाज असा की पहिल्या आलापालाच बायांनी पदर डोळ्यांना लावला. सहादेव त्यांच्या उजव्या हाताला, वीणा छातीशी धरून. आत त्यानं जुन्या लुंगीची जाड घडी बांधली होती.

पहिला अर्धा तास बरा गेला. टाळ चढले की दुखणं जरा लांब जातं, हे त्याला सात दिवसांत कळलं होतं. मग महाराज निरूपणाला लागले, टाळ थांबले आणि शांततेत त्याला कळलं, की घडी भिजली आहे. मांडीवरून उबदार काहीतरी खाली उतरत होतं. त्यानं पाय जुळवले. समोर पांढरे फेटे, त्यामागं बाया आणि बायांत चांगुणा. ती त्याच्या तोंडाकडं नव्हे, धोतराकडं पाहत होती.

घड्याळात पावणेअकरा. सव्वा तास.

हाताला घाम सुटला. वीणेचा भोपळा जड जड होत चालला. फेट्यांच्या कडा पुसट झाल्या आणि कानात टिटवी ओरडावी तसा आवाज सुरू झाला. तो कोसळला तर कोसळला. पण वीणा भुईला लागली तर? सात दिवसांचं नाम, सगळ्या वाडीचं जागरण त्याच्या हातून मातीत जाईल. गुडघे हलू नयेत म्हणून त्यानं अनवाणी पायांची बोटं चटईत रोवली.

"कथेतली माणसं लांबची वाटतात," महाराज सांगत होते. "म्हणून आज तुमच्या घरचा माणूस दाखवतो. माझा देव विटेवर उभा आहे. भक्तानं सांगितलं थांब, तो थांबला, अजून बसला नाही. आणि हा सहादेव. चौदा पहारे. पारायणाला सगळे बसले, हा बसला नाही. पंगतीला बसले, हा बसला नाही." महाराजांनी हात त्याच्याकडं केला, आवाज खाली आणला. "का नाही बसला?"

अण्णांनी पुढच्या ओळीत हात जोडले.

"महाराज," सहादेव म्हणाला, "मूळव्याध हाय मला."

माईक जवळ होता. शब्द पार वेशीपर्यंत गेले.

"बसता येत न्हाई, म्हनून उभा राह्यलो. भक्तीबिक्ती काय न्हाई. अण्णांना फशिवलं मी." मागं कुणीतरी फिसकन् हसलं, कुणीतरी त्याला दटावलं. "रगत जातंय. अंधारी येतीया. वीना घ्या कुनीतरी, पडंल माज्या हातनं."

टाळकऱ्यांचे हात टाळांच्या दोऱ्यांत गुंतलेले. त्यांतला हनुमंत दोरी सोडवायला लागला, ती आणखी आवळली. अण्णांना काठीशिवाय उठता येईना. सहादेव रिवाजाप्रमाणे पाया पडायला वाकू लागला आणि वाकता वाकता डोळ्यांपुढं सगळं काळं झालं.

"पाया राहू द्या," महाराज म्हणाले. त्यांनी एका हातानं त्याला बगलेत धरलं आणि दुसऱ्या हातानं वीणा पट्ट्यासकट उचलून स्वतःच्या गळ्यात घेतली. तार एकदा झणाणली, पण भोपळा भुईपासून वरच राहिला. मग त्यांनी आपलं उपरणं काढलं आणि सहादेवच्या कमरेभोवती दुहेरी गुंडाळून गाठ मारली, भरमंडपात, घरातल्या माणसाची बांधावी तशी.

चांगुणा बायांतून वाट काढत पुढं आली होती. तिनं दुसरी बगल धरली.

महाराज माईककडं वळले. दृष्टांत अर्ध्यावर तुटलेला, हजार माणसं तोंडाकडं पाहत असलेली.

"एवढं दुखत असताना याच्या तोंडातलं नाम थांबलं नाही, ते मी शेजारून ऐकलंय," ते म्हणाले. "बाकीचं पांडुरंग बघेल. आधी गाडी काढा."

हनुमंताची जीप होती. सहादेवला मागच्या सीटवर कुशीवर निजवलं, डोकं चांगुणाच्या मांडीवर. अण्णा खिडकीशी आले. सहादेवनं डोळे मिटून घेतले.

"सांगायचं हुतंस रं," अण्णा म्हणाले. "काठी काय मी हौसंनं धरली व्हय? गुडघं गेल्यात. म्हनून मी खुर्चीवर बसून हरिपाठ करतो. त्यात काय."

नेवाशाच्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं, रक्त काढलं, सलाईन लावलं. चांगुणा त्यांच्या तोंडाकडं पाहत होती.

"मूळव्याधच दिसतेय. पण नुसतं दिसण्यावर मी सोडणार नाही. रक्त थांबलं की आतून दुर्बिणीनं बघून घेऊ." बाईंनी सहादेवच्या खिशातून निघालेली चपटी ट्यूब हातात घेतली. "मलम वाईट नाही. त्यानं ठणका कमी होतो, सूज उतरते. पण तुम्ही ते ग्रीससारखं थापलंत, आणि वर उपास. कातडी सोलून निघालीय. आता भाकरी, पालेभाजी, ताक आणि पाणी, पाणी, पाणी."

"दुसरं कायी नसंल ना?" चांगुणानं विचारलं.

"तेच बघायचंय. पण वेळेत आणलंत."

चांगुणा भिंतीला टेकली. भावाच्या वेळी हे वाक्य कुणी म्हटलं नव्हतं.

संध्याकाळी सलाईन निघालं. नर्सबाईंनी न्हाणीत कोमट पाण्याचा मोठा टब ठेवला, कोपर बुडवून पाणी तपासलं आणि दार लोटून घेत म्हणाल्या, "दहा मिनिटं यात बसायचं. रोज दोनदा. मग कोरडं करून मलम, हरभऱ्याएवढं."

सहादेव टबाच्या काठाला धरून उभा राहिला. सात दिवसांत तो नीट असा बसला नव्हता. त्यानं एक पाय वाकवला, थांबला, मग दुसरा. कोमट पाणी लागताच अंग आक्रसलं, आणि मग एकेक गाठ सुटावी तसं सैल होत गेलं. ओठ आपोआप हलू लागले. आवाज नव्हता, ऐकायलाही कुणी नव्हतं.

दाराबाहेरून चांगुणानं विचारलं, "बसलात का?"

"बसलो," तो म्हणाला.