न गळणारं बाथरूम

निवृत्तीनंतर माणसानं काहीतरी समाजोपयोगी करावं, असं माझ्या सुनेचं मत पडलं. म्हणजे मी दिवसभर घरात असू नये. जन्मभर मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवलं होतं, तेव्हा मी हडपसरला रविवारी दुपारी मोठ्या माणसांसाठी इंग्रजीचा वर्ग सुरू केला. जागा एका प्राथमिक शाळेतली. बाक चौथीच्या मुलांच्या मापाचे आणि बसणारे तिशी-चाळिशीचे. एकदा आत शिरलेला माणूस तास संपेपर्यंत सहजासहजी बाहेर निघत नसे, त्यामुळे हजेरी उत्तम असायची.

पहिल्याच दिवशी विचारलं, इंग्रजी कशाला हवंय? मला वाटलं, नोकरी म्हणतील, मुलांचा अभ्यास म्हणतील. सगळे म्हणाले, खोलीसाठी. कोणी विदर्भातून आलेलं, कोणी मराठवाड्यातून. दर अकरा महिन्यांनी एजंट इंग्रजीतला भाडेकरार पुढे सरकवतो, आणि तो बोट ठेवील तिथे ही माणसं सही करतात. हिंगोलीकडचे नागोराव एका कारखान्यात वॉचमन आहेत. ते म्हणाले, "मॅडम, आजवर कशाकशावर सह्या केल्या ते मलाच माहीत नाही. एखाद्या दिवशी कोणीतरी यायचं आणि मलाच उचलून न्यायचं."

मग मी ठरवलं, गोष्टी नकोत, कविता नकोत, खोलीचंच इंग्रजी शिकवायचं. डिपॉझिट, नोटीस, दुरुस्ती, मुदतवाढ. वर्ग खूश झाला. मीही झाले, पण तसं दाखवायची आमच्याकडे पद्धत नाही.

वर्गात सगळ्यात कमी बोलायच्या त्या विजयमाला. चंद्रपूरच्या. इथे एका दवाखान्यात आया म्हणून कामाला, नवरा रिक्षा चालवतो, मुलगी सृष्टी यंदा दहावीला. दुसऱ्याच रविवारी त्यांनी हळूच हात वर केला. "मॅडम, करार संपून राहिला या महिन्यात. अजून अकरा महिने राहू द्या, हे कसं म्हणायचं?"

"ते पाचव्या धड्यात आहे," मी म्हणाले. "आधी तक्रार शिका. पुण्यात राहायचं तर तक्रार आधी आली पाहिजे."

त्यांनी हात खाली घेतला. मी फळ्यावर नमुन्याचं पत्र लिहिलं. नमुना शोधायला मला लांब जावं लागलं नाही. माझ्या वरच्या मजल्यावर आमोद नावाचा एक तरुण राहतो, त्याचं बाथरूम दोन वर्षं माझ्या ओट्यावर गळतंय आणि तो दोन वर्षं "बघतो काकू" म्हणतोय. तेव्हा पत्र अगदी आतून आलं. महोदय, माझ्या वरच्या मजल्यावरचं बाथरूम गळत आहे, त्वरित दुरुस्ती करावी, अन्यथा मला पुढील कारवाई करावी लागेल. ठसठशीत इंग्रजीत. शेवटच्या वाक्याला खडू तुटला. मग मी म्हणाले, "पुढच्या रविवारपर्यंत प्रत्येकानं आपल्या घरमालकाला एक पत्र. हाच गृहपाठ."

इथे माझी चूक झाली. आपल्याकडे निबंध लिहायचा नसतो, पाठ करायचा असतो. 'माझी गाय' लिहिणाऱ्या अख्ख्या वर्गाच्या गायीचं नाव कपिला असतं, आणि ती सगळ्यांकडे सकाळ-संध्याकाळ सारखंच दूध देते. मग घरी गाय असो वा नसो. हजारो कपिला तपासलेल्या बाईला हे आधी सुचायला हवं होतं. नाही सुचलं.

पुढच्या रविवारी वर्ग सुरू होतोय तोच दारात एक धिप्पाड गृहस्थ उभे राहिले. पांढरा सदरा, डोक्यावर टोपी, हातात कागद.

"इंग्लिशवाल्या बाई कोन?"

"मी. आणि बाहेर पाटी आहे, चपला काढून या."

ते निमूट परत गेले, चपला काढून आले. मला माणूस जरा बरा वाटला. तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की नागोराव बाकाखाली वाकून काहीतरी शोधतायत, मॉलमध्ये काम करणारी पायल खिडकीबाहेर बघतेय आणि विजयमालांचा चेहरा उतरलाय.

"म्या हिंमतराव. लोणी काळभोरचा. हितं मागं माझी बिल्डिंग हाय. ही तिघं माझी भाडेकरू." त्यांनी कागद टेबलावर पसरले. तीन पत्रं. तिन्ही माझीच. कारवाईसकट. "पुतन्याकडनं वाचून घेतली. तिघांच्या बी वरचं बाथरूम गळतंय म्हनं."

"मग दुरुस्त करा," मी सवयीनं म्हणाले.

"करतो की. आधी सांगा कुठलं?" ते पायलकडे वळले. "पोरी, तू तळमजल्याला. तुज्या डोक्यावर जिना हाय. जिन्यात कोन आंघूळ करतंय?"

पायल हसू दाबायला लागली.

"आन् नागोराव, तुमी टापच्या मजल्याला. तुमच्या वर नुसतं आभाळ हाय. आभाळाला नोटीस धाडू का?"

नागोराव बाकाखालूनच म्हणाले, "मॅडमनी तसंच लिहून दिलं होतं."

वर्गात हशा पिकला. मला हसू आलं नाही असं म्हणणं खोटं ठरेल. पण हिंमतराव हसत नव्हते. "राहिल्या ह्या बाई. मधल्या मजल्याच्या. म्हनलं, ह्येंचं खरं आसंल. प्लंबर आनला. नागोरावाच्या बाथरूमची फरशी पार उखडली. पाइप उघडा केला. कोरडा ठाक! आन् ह्यो नागोराव त्या खड्ड्यात दोन इटा टाकून, त्याच्यावर हुबा ऱ्हाऊन आंघूळ करतोय, पर त्वांड उघडत न्हाई!"

"अहो, पण का नाही सांगितलंत?" मी नागोरावांना विचारलं.

"गृहपाठ चुकला असता ना, मॅडम."

मी कपाळाला हात लावला. हिंमतराव मात्र खरंच दुखावले होते. तक्रार आली म्हणून ज्यानं लगेच फरशी फोडली, असा घरमालक पुण्यात दिवा घेऊन शोधला तरी सापडायचा नाही. आणि आम्ही नेमका तोच गाठला होता.

"बाई," ते विजयमालांना म्हणाले, "म्या तुमास्नी भला मानूस समजत हुतो. कारवाई करनार व्हय माज्यावर? म्हैना सरतोय तुमचा. खोली मोकळी करा. मला इंग्लिश शिकल्याली भाडेकरू नकोत."

मी उठले. "अहो, चूक माझी आहे. त्यांच्यावर कशाला राग काढता? आणि तुम्हाला खोली अशी—"

"मॅडम, थांबा," विजयमाला म्हणाल्या. त्या बाकातून निघायची धडपड करत होत्या. अखेर बाक घेऊनच अर्ध्या उभ्या राहिल्या. "मी बोलते. पण इंग्रजीत नाही."

"मराठीत बोला," मी म्हणाले.

"भाऊ, बाथरूम गळत नाही. काहीच गळत नाही. मले तक्रारच नव्हती. मले लिहायचं होतं का अजून अकरा महिने राहू द्या. ते लिहिता येत नव्हतं, अन् हे येत होतं. म्हून हेच देलं. तुमाले वाईट वाटलं, माफी करा. पण खोली नका काढू. पोरीची दहावी हाय, पण ते बी सोडा. तुमच्याकडे यायच्या आधी आम्ही कितीक खोल्या पाहिल्या. भाडं पटे, सारं पटे. मंग विचारत, आडनाव काय? खोब्रागडे म्हटलं, आम्ही बौद्ध, की खोली कालच गेलेली राहे. एका घरी तर पाटी लावलेली होती, 'खोली भाड्याने देणे आहे', अन् त्या पाटीखाली उभी राहून बाई मले सांगे, गेली. तुम्ही एकट्यानं विचारलं नाही. तुम्ही विचारलं, सकाळी पाणी भराले उठान का. मी घरी येऊन लय रडली त्या दिवशी. आता पुन्हा दारोदार आडनाव सांगत फिरणं मायाच्यानं होत नाही."

मला संताप आला. त्या पाटीखालच्या बाईचा आला, आणि पाचव्या धड्याचाही आला. या बाईनं नेमकं हवं ते मागितलं होतं, आणि मी तिला माझं बाथरूम दिलं होतं.

हिंमतराव माझ्या रिकाम्या खुर्चीत बसले, टोपी काढून मांडीवर ठेवली, पुन्हा घातली. "बाई, खोटं कशाला बोलू. म्या बी इचारनार हुतो."

पायलनं वळून त्यांच्याकडे बघितलं.

"तोंडावर आलं हुतं. आमच्यात इचारत्यात, म्या बी इचारायचो. तेवढ्यात तुमी खिडकीतनं वरडला, पान्याचा टँकर आला म्हनून. चार दिस पानी न्हवतं, म्या पळालो खाली. बघतो तर टँकर कुटला? काय बी न्हवतं. वर येईस्तवर तुमी संगं आलेल्या माज्या आईपाशी बसून तिचं गुडघं चोळत हुता, आन् आई म्हनली, ह्येंनाच दे. मग ऱ्हाऊनच गेलं इचारायचं. आधार कार्डावर आडनाव बघितलं तवर डिपॉझिट घेतल्यालं." ते खाली मान घालून बसले. "आता लाज वाटती. तुमी मला लय मोठा समजत बसलाय."

विजयमाला म्हणाल्या, "मले माहीत होतं तुम्ही विचारान म्हून. तोंड पाहूनच समजते आता."

"मग?"

"टँकर नव्हताच, भाऊ. मी मुद्दाम ओरडली."

मला वाटलं, संपलं. सगळं सुरळीत होत असताना ही बाई आपल्या पायावर धोंडा पाडून घेतेय. हिंमतराव तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांच्या पोटातून एक हसू निघालं, ते दारापाशी गेलं, परत आलं, आणि नागोरावही बाकाखालून वर आले.

"म्हंजी म्या टोपी टाकून जिना उतरून पळालो, ते..."

"माफी करा."

"माफी कसली! आसं डोकं आमच्या पुतन्याला आसतं तर मला ही पत्रं घिऊन हितं यायला लागलं आसतं का?" ते उठले. पत्रं गोळा केली आणि माझ्या हातात दिली. "बाई, ही तुमची तुमाला. मंगळवारी एजंटाला धाडतो. अकरा म्हैनं. आन् इजयमालाबाई, खाली पत्राच्या पेटीवर समद्यांची नावं हायती, तुमच्या पेटीवर नुसता खोलीचा नंबर हाय. आल्यापासनं बघतोय. नाव लिवा. आडनावासकट."

विजयमालांनी डोळे पुसले. "विजयमाला नामदेव खोब्रागडे. येवढं?"

"समदं. पर लांब हाय जरा," हिंमतराव विचार करत म्हणाले. "त्या पेटीवर मावायचं न्हाई."

विजयमाला बाकासकट आणखी थोड्या उंच झाल्या.

"मंग पेटी मोठी लावा, भाऊ," त्या म्हणाल्या. "लवकर लावा."