नलूची बंगई

२०२३ साली, आंबे उतरायच्या दिवसांत, मला घरातून काढून टाकायचं ठरलं. मी एक जुनी सागवानी बंगई आहे. दुसरीकडची मुलं मला झोपाळा म्हणतील. आमच्या वर्ध्याकडच्या रोहणा गावात मी बंगई. मित्रांनो, ज्या नलूला मी सगळ्यात जास्त आवडत होते, तिनंच मला काढायला सांगितलं. असं का, ते एकदम सांगून कळणार नाही. म्हणून पहिल्यापासूनच सांगते.

मला बापूराव सुतारांनी घडवलं. अण्णाजींनी, म्हणजे नलूच्या सासऱ्यांनी, घराला नवा व्हरांडा काढला तेव्हा. फळीला इतका रंधा मारला, की शेवटी बापूरावांनी माझ्यावर गाल टेकवून पाहिला, कुठं टोचते का म्हणून. चार लोखंडी सळाखी लावल्या, छताच्या आकड्यांना मला अडकवलं, आणि पाहुणे येऊन म्हणू लागले, "बंगई असावी त अशी!"

मला डोळे नाहीत. कान आहेत, आणि माणूस मी वजनावरून ओळखते. अण्णाजी मागे रेलत. त्यांची बायको मनकर्णाबाई कडेला नुसती टेकत, गहू निवडता निवडता. त्यांचा मुलगा प्रेमदास धपकन बसे. नलू ही प्रेमदासची बायको. नवी होती तेव्हा ती बसली तरी मला कळत नसे. पाखरू बसावं तशी बसे. सुरभी झाल्यावर ती जड होत गेली, आणि मग फारच जड. मला नवल वाटे. घर तेच, चूल तीच, त्याच चुलीवरचं खाऊन मनकर्णाबाई वाळक्या त्या वाळक्याच. मग एवढं वजन नलूच्याच अंगावर येतं कुठून?

अण्णाजी गेले, सुरभी मोठी झाली. तोवर नलूचं वावरात जाणं सुटलं होतं. पुढे तिला आडवंही होता येईना. पलंगावर पाठ टेकली की श्वास घशात अडके. ती माझ्यावर येऊन, सळाखीला डोकं टेकवून, बसल्या बसल्याच झोप काढी. नागपूरच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, एवढ्या वजनापायी हे असंच चाललं तर हृदय थकून जाईल. २०२१ मध्ये नलूचं ऑपरेशन झालं. थोडक्यात पोट भरावं म्हणून जठर, म्हणजे अन्न साठतं ती पोटातली पिशवीच, लहान करून टाकली.

त्यानंतर ती दर महिन्याला हलकी होऊन माझ्यावर बसू लागली. हे वजन आता कुठं जातं, याचंही मला कोडंच. शेजारची जया व्हरांड्याशी येऊन म्हणे, "काऊन व नलू, अर्धी नागपूरलेच ठेवून आली का?"

"हाव. तुले पाह्यजे असन त घेऊन येजो," नलू म्हणे, आणि दोघी माझ्यावर बसून हसत. नलू पलंगावर झोपू लागली. आता झालं, असं सगळ्यांना वाटलं. मलाही.

डॉक्टरीणबाईंचा एक शब्द घरात सगळ्यांना पाठ झाला होता: 'थोडं थोडं खा.' नलूनं तो अगदी मनापासून पाळला. सकाळी माझ्यावर बसली, की शेजारी चिवड्याचा डबा. थोडासा. चहात बुडवून बिस्कीट. एकच. मग राजगिऱ्याचा लाडू, अर्धा. उन्हाळ्यात वाटीत आमरस. तो तर चावावाही लागत नाही. ताटावर मात्र ती दोन घासांत उठे. प्रेमदास कौतुकानं म्हणे, "पाखरासारखी जेवते बाप्पा!"

मला मात्र ती पुन्हा जड लागू लागली. इतकं हळूहळू, की आधी वाटलं माझीच फळी म्हातारी झाली. मग आकडे कुरकुरू लागले.

"अरे प्रेमदास, बंगई कुरकुर करून राह्यली. तेल टाक," मनकर्णाबाई म्हणाल्या.

प्रेमदासनं तेल टाकलं. माझा आवाज बंद झाला. महिन्याभरानं मी पुन्हा कुरकुरले, त्यानं पुन्हा तेल टाकलं. मित्रांनो, मला जे सांगता येत होतं ते एवढंच होतं.

एका दुपारी नलू दचकून जागी झाली. श्वास अडकला होता. तिनं सळाख घट्ट धरली. 

"सुरभी," तिनं लेकीला हाक मारली, "मी इथं बसून काऊन झोपली व? पलंग हाय ना घरात."

 सुरभीनं डॉक्टरीणबाईंना फोन लावला आणि आवाज मोठा करून माझ्यावर ठेवला.

"काय काय खाता?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"तुमी सांगतलं तसंच मॅडम. थोडं थोडं."

"कितीदा?"

नलू विचारात पडली. "दिवसभर."

 "अहो नलूताई, मी जेवणाच्या ताटात थोडं घ्या म्हटलं होतं. तुम्ही सबंध दिवसभरच थोडं थोडं खाताय! पोट लहान केलंय, पण तोंड चालूच राहिलं तर वजन पुन्हा चढतं. चिवडा, बिस्कीट, रस हे सरकून जातं, पोटाला कळतसुद्धा नाही. आधी डाळ, मटकी, म्हणजे तुमची मोट, अंडं. चावून, सावकाश. जेवताना पाणी नको. ठरलेल्या वेळी खा आणि मध्ये तोंड बंद. व्हिटॅमिनच्या गोळ्या सोडल्या नाहीत ना? आणि चालता किती?"

"चालाले कुठं जाऊ मॅडम? बसली का उठावंसंच वाटत नाई."

तिनं फोन ठेवला. मग प्रेमदासला म्हणाली, "अवो, हे बंगई काढून टाका. हे मले उठू देत नाई."

"बाबाची बंगई हाय ते!"

"मले आता मराचं नाई," नलू म्हणाली.

 मला राग आला नाही. तिचं म्हणणं खरं होतं. मनकर्णाबाईंनी गव्हाचं सूप खाली ठेवलं.

"काढ. पण भंगारात नोको देऊ. वावरातल्या टिनाखाली टांग. हिले बसाचं असन त चालत जाईन."

नलू आधी हसली, मग रडली, आणि जयाला बोलावून म्हणाली, "ऐकलं का व? सासूनं बंगई पुढं करून मले वावरात धाडली!"

मला बैलगाडीतून नाल्यापलीकडच्या वावरात नेलं आणि तिथल्या पत्र्याच्या छपराखाली टांगलं. पहिले काही दिवस कोणीच आलं नाही. फळीवर धूळ बसली, चिमण्यांनी काड्या टाकल्या. अण्णाजींच्या पाहुण्यांनी वाखाणलेली मी, मला वाटलं, आता संपलं. मग एका सकाळी दुरून धापा ऐकू आल्या. नलू आली, टेकली, घाम पुसला, आणि दम खाऊन उठून गेली. दुसऱ्या दिवशीही आली. पुढे विहिरीचं पाणी डब्यांत भरून दोन्ही हातांनी वाहू लागली. हातापायात जोर राहिला पाहिजे, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. कपाशीच्या दिवसांत वेचणीलाही उभी राहिली. दुपारी माझ्यावर बसून मोटीची उसळ चावत राही. किती वेळ चावते, याचं मला अजून नवल वाटतं. डबा झाकला, की झाकला.

मित्रांनो, तुमच्या घरात कोणी असं ऑपरेशन करून आलं, तर 'आता झालं बारीक' म्हणून त्याला एकटं सोडू नका. खरं काम त्यानंतर असतं, आणि ते रोजचं असतं. त्याच्याबरोबर चालायला निघा. त्याच्या ताटावर आग्रह करू नका. आणि माझ्यासारखी आरामाची, आवडती जागा घरात असेल, तर तिच्यावरून वेळेवर उठा. आम्हा बसायच्या वस्तूंना वाईट वाटत नाही.

मनकर्णाबाई मागच्या हिवाळ्यात गेल्या. अखेरपर्यंत वाळक्याच होत्या. बापूराव आता रंधा धरत नाहीत, मुलाकडे आर्वीला असतात. सुरभी वर्ध्याला नोकरी करते आणि आईच्या रक्ताच्या तपासण्या चुकू देत नाही. जया दोन महिने नलूबरोबर चालली, मग गुडघ्याचं नाव सांगून थांबली, आता पुन्हा येते. प्रेमदास सोबत येतो, पण अर्ध्या वाटेत कोणाशी तरी गप्पा मारत उभा राहतो.

नलूचं वजन दिवाळीनंतर थोडं वाढतं, होळीपर्यंत उतरतं. ती पलंगावर झोपते, असं जया सांगत होती. आता काटा काय म्हणतो ते मला ठाऊक नाही. मला एवढंच कळतं, की ती माझ्यावर येऊन बसली, म्हणजे चालत आली.