सरळ्या बरा की उड्या

“पडला मेला!” गुणाबाईने निवडायच्या तांदळाचं सूप मांडीवरून खाली ठेवलं आणि टीव्हीवर बर्फावर नाचणाऱ्याकडे हात उडवला. “बग गो उन्नती, कसा आपटला! नि ह्याला जगातून निवडून आनला?”

“आजी, तो हवेत चार गिरक्या घ्यायला गेला होता. चार! तुझ्या वेळचे घ्यायचे का?”

“आमच्या येलचं पडत नव्हतं.”

“पडत होते गं. तुझ्या कॅसेटमधले दोघे पडले नाहीत, एवढंच.”

नातीला उलट उत्तर द्यायचं सोडून गुणाबाईने खिडकीजवळच्या खुर्चीकडे पाहिलं. तिथे तिचा नवरा महादू बसला होता. नवरात्रात त्याची उजवी बाजू गेली, ती हिवाळी ऑलिम्पिक आलं तरी परतली नव्हती. त्यापेक्षा वाईट म्हणजे शब्द गेले होते. ऐकायचं सगळं, कळायचं सगळं, बोलायचं काही नाही. ठाण्याहून व्यायाम शिकवायला येणारी बाई म्हणाली होती, बोलतं करा त्यांना, काहीही करून. तोंड जितकं बंद राहील तितकं उघडणं कठीण होईल.

त्या दिवसापासून घर गोड झालं होतं. मुलगा रामनाथ, सून, शेजारपाजार, सगळे तान्ह्या पोराशी बोलावं तसे बोलायचे. महादू मान फिरवायचा. गुणाबाई तेवढी आपली जुनीच राहिली होती. पण पलीकडून फटका येत नसला की भांडणाला चव राहत नाही. चार महिने एकटीने भांडून तिचा जबडा दुखायला लागला होता.

“सलाम, भाभी.” दारात नूर मोहम्मद चपला काढत होता. शुक्रवारची नमाज आटोपून तो दर आठवड्याला धामणकर नाक्यावरून दापोड्याला यायचा. “क्या बोलता है हमारा मिस्त्री?”

“तुमचा मिस्त्री काय बोलंल? मीच बोलतंय दोघांचं.”

याच नूर मोहम्मदच्या यंत्रमागाच्या कारखान्यात महादू लूमचा मिस्त्री होता आणि गुणाबाई सुताच्या कांड्या भरायची. शेतावर गोदामं उभी राहून रामनाथने बंगला बांधला, त्याच्या कितीतरी आधीची गोष्ट. शुक्रवारी लूम बंद. नूर मोहम्मदच्या घरी व्हिडिओ आला होता आणि त्याच्या मेहुण्याने कुवेतहून एक कॅसेट पाठवली होती: बर्फावर नाचणारे दोन पुरुष. दुसरी कॅसेट येईपर्यंत तीच बघायची. काळ्या कपड्यांतला ताठ, हात पसरून लांब लांब वळणं घेणारा, तो गुणाबाईचा सरळ्या. लाल कपड्यांतला सारखा उसळणारा, तो महादूचा उड्या. कोण जिंकला ते मात्र कुणालाच कळलं नाही. मार्क दाखवायच्या आधीच कॅसेटवर मेहुण्याने कुणाचं तरी लग्न भरून ठेवलं होतं. त्यामुळे भांडण मिटलं नाही. अठरा वर्षं जेवताना, भात कापताना, एकदा तर मयताहून परत येताना, सरळ्या बरा की उड्या.

“सायबर कॅफेत दोन मिनिटांत बघून सांगते,” उन्नती एकदा म्हणाली होती.

“खबरदार!” गुणाबाई ओरडली होती. महादूही त्याच वेळी तेच ओरडला होता.

पडद्यावर पडलेला उठला, कपडे झटकून पुन्हा नाचला आणि धापा टाकत बाकावर जाऊन बसला. त्याचे मार्क आले.

“जल्ला, हे मार्क का लाइटबिल?” गुणाबाई म्हणाली. “वर पॉइंट नि त्याच्या फुडं बी आकडं!”

“पहले छह में से मिलते थे,” नूर मोहम्मद म्हणाला. “सीधा हिसाब.”

“आता प्रत्येक उडीचे वेगळे मोजतात,” उन्नतीने समजावलं. “तो आता तिसरा आला बघ.”

“पडून तिसरा?”

“पडल्याचा एक कापला ना. पण पडायच्या आधी हवेत जेवढा फिरला, तेवढ्याचे द्यायलाच पाहिजेत की.”

गुणाबाईची नजर महादूच्या डाव्या हातावर गेली. सकाळीच महादूने डाव्या हाताने पेजेचा चमचा उचलला होता. ओठांपर्यंत आणला आणि तिथून सांडला. तिने लुंगी पुसता पुसता त्याला चार शब्द सुनावले होते. चमचा ओठांपर्यंत आला होता हे तिला आता आठवलं.

“मार्क देनारा मानूस चांगला हाय मंग,” ती हळूच म्हणाली.

तेवढ्यात लाइट गेली. पंखा गरगरत थांबला, पडद्यावरचा बर्फ विझला. बाहेर गोदामात ट्रक मागे घेणाऱ्याची आरोळी स्पष्ट ऐकू यायला लागली.

“लोडशेडिंगलाही आत्ताच वेळ मिळाला,” उन्नती वैतागली.

नूर मोहम्मदने टोपीने वारा घेतला. महादू पडला त्या दिवशी याच माणसाने नाक्यावरच्या ट्रॅफिकमध्ये रिक्षातून उतरून, पुढच्या गाड्यांवर हात आपटत दवाखान्यापर्यंत वाट काढली होती. गुणाबाईने त्याचे आभार कधी तोंडाने मानले नाहीत. दर शुक्रवारी त्याच्या पिशवीत सुक्या जवळ्याची चटणी तेवढी बांधून द्यायची.

“तो भाभी,” त्याने जुनाच सवाल काढला, “सरळ्या या उड्या?”

गुणाबाईने महादूकडे पाहिलं. पाठ ताठ केली. अख्ख्या गावात कुणापुढे हार न मानलेली बाई ती.

“आवो, ऐकलाव का? तुमचाच खरा व्हता. उड्याच बरा. माजा सरल्या निस्ता हात पसरून फिरायचा, वलनीवर सदरा वालत घातल्यागत.”

हा टोमणा महादूचाच होता, अठरा वर्षांचा. नूर मोहम्मदची टोपी हलायची थांबली.

महादूचा डावा हात खुर्चीवरून उचलला गेला. ओठ वेडेवाकडे झाले. उन्नती धावणार, तोच गुणाबाईने तिचा हात धरला.

“न्ह…” महादूच्या गळ्याच्या शिरा ताणल्या. “न्हाय.”

“काय न्हाय?” तिने पूर्वीच्याच करकरीत आवाजात विचारलं. आवाज मऊ केला तर तो थांबेल अशी तिला भीती होती.

“तु… जा.”

“माजा काय?”

“बरा.”

अठरा वर्षं त्याच्या पोटात हेच होतं, की बायको म्हणेल त्याच्या उलट म्हणायची खोड तेवढी परत आली होती, कोण जाणे. काहीही असलं तरी माणूस तोच होता. गुणाबाईने डोळे मिटून एकवीरा आईचं नाव घेतलं. मग उघडले ते नूर मोहम्मदकडे बघत. “भाईजान,” ती म्हणाली, “त्या दिशी तुमी व्हतात म्हनून.” नूर मोहम्मद खिडकीबाहेरच्या ट्रककडे बघत राहिला.

लाइट आली. टीव्ही एकदम ओरडला. उन्नतीने डोळे पुसत त्याचा आवाज बंद केला.

गुणाबाईने स्टूल ओढून महादूच्या गुडघ्याला गुडघा लावून बैठक मारली. पदराने त्याच्या हनुवटीवरची लाळ पुसली आणि कमरेवर हात ठेवला.

“वा रे वा! मी बोलतंय उड्याच बरा. सांगा ना, काय वायट व्हता त्याच्यात?”

आणि आयुष्यात कुणाच्या उत्तरासाठी न थांबलेली गुणाबाई तोंड मिटून वाट पाहत बसली.