चोंबडीला काय सांगायचं

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, शिवणकामाचे. दुकान बंद करून बरीच वर्षं झाली, तरी गळ्यातली टेप काही उतरली नव्हती. बायकोला अर्धांगवायू झाला, तिची डावी बाजू गेली आणि बोलणंही अडखळत, तुकड्यातुकड्यांनी व्हायला लागलं. तेव्हापासून सेवाकेंद्राची ताई दोन वेळा यायची. सकाळी त्यांच्या बायकोला, म्हणजे मावशींना, अंघोळ घालून खुर्चीत बसवायची, संध्याकाळी खुर्चीतून उचलून पलंगावर निजवायची. मास्तर तिला अहोजाहो करायचे आणि जाताना दारापर्यंत सोडायला यायचे.

मग केंद्राने घरोघर एकेक पांढरं खोकं बसवलं. बिस्किटाच्या डब्याएवढं, पुढे काचेचा डोळा. रोज सकाळी ते गोड बायकी आवाजात चौकशी करायचं, आणि कुणाला किती मदत द्यायची ते त्या उत्तरांवरून ठरायचं. पूर्वी हे ठरवायला केंद्रातल्या मॅडम स्वतः घरी यायच्या, चादर उचलून मावशींच्या पाठीवरच्या जखमा बघायच्या. आता त्या स्क्रीनसमोर बसत.

"या घरात मशीन एकच, शिलाईचं," मास्तर म्हणाले. "ही नुसती चोंबडी."

पण चोंबडी झाली तरी विचारपूस करते म्हटल्यावर तिच्याशी नीट बोलायला नको? झोप कशी लागली? मस्त. पत्नीला उचलताना त्रास होतो का? छे हो, कापसाचं गाठोडं आहे. परक्या बाईपुढे कुंथत बसणं मास्तरांच्या रक्तातच नव्हतं. महिनाभराने निरोप आला, आपली प्रकृती उत्तम आहे, अभिनंदन, संध्याकाळची फेरी बंद करण्यात येत आहे.

एका सकाळी ताई आली तर दोघं पलंग आणि भिंत यांच्या फटीत पडलेले. आदल्या संध्याकाळी मावशींना उचलताना मास्तरांची कंबर धरली आणि दोघंही कोसळले होते. त्यांनी स्वतःचा कोट काढून बायकोच्या अंगावर घातला होता, टेपची गुंडाळी करून तिच्या डोक्याखाली दिली होती. खोक्याचा डोळा त्या फटीपर्यंत पोचत नव्हता. ताई त्यांना उचलायला वाकली तेवढ्यात वरून आवाज आला, "सुप्रभात. काल झोप कशी लागली?"

"बरी लागली," जमिनीवरून मास्तर म्हणाले.

ताईने त्यांना न्हाणीघरात नेलं, नळ सोडला आणि हळू आवाजात झाडलं. "मास्तर, स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेताय तुम्ही. रडल्याशिवाय आईसुद्धा पाजत नाही, हे तर खोकं आहे. कण्हा जरा. म्हणा जमत नाही, सुचत नाही, आठवत नाही."

"खोटं बोलू?"

"आत्ता काय खरं बोलताय?"

हे शिकवणं ताईच्या जिवावरचं होतं. खोक्याला काय सांगायचं ते घरच्यांना पढवलं म्हणून तिच्याबरोबरच्या एकीला केंद्राने काढून टाकलं होतं, आणि ताईच्या घरात कमावणारी ती एकटीच. तरी तिने शिकवलं, कारण तिला त्या दोघांचा लळा होता.

मास्तरांना सुरुवातीला जमेना. मग मावशींनीच गोडी लावली. त्या उजव्या हाताने खूण करायच्या, अजून कण्हा, अजून. चोंबडीने आज वार कोणता विचारलं की मास्तर कालचा सांगायचे. ही बाई कोण, विचारलं की म्हणायचे, "बहीण असावी." मावशी तोंडात पदराचा बोळा कोंबून हसायच्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. आजारपणानंतर त्या अशा हसल्या नव्हत्या. त्या हसण्यासाठी मास्तर जास्तच रंगात आले. एकदा तर त्यांनी शिलाईच्या मशीनवर चहाचं पातेलं ठेवलं आणि उकळायची वाट बघत बसले.

निरोप आला नाही. मॅडम आल्या. सोबत दोन माणसं आणि चाकांची खुर्ची. ताई मावशींचे केस विंचरत होती.

मॅडम पलंगाच्या कडेला बसल्या आणि मऊ आवाजात म्हणाल्या, "मास्तर, तुमची स्मृती झपाट्याने ढळतेय. मावशी तुमच्याजवळ सुरक्षित नाहीत. त्यांना महिला निवासात हलवतोय. तुमच्यासाठी स्मृतिभ्रंश विभागात जागा मिळालीय."

मास्तर हसले. "अहो, ते नाटक होतं. संध्याकाळची फेरी परत मिळावी म्हणून. आज मंगळवार आहे. ही माझी बायको आहे."

"हो, हो." मॅडमनी त्यांच्या हातावर थोपटलं. "मला काही नाही झालं, असं सगळेच म्हणतात. तेही लक्षणच असतं."

"नाटक होतं म्हणतोय ना."

"बरं. कुणी शिकवलं तुम्हाला?"

मास्तरांनी ताईकडे पाहिलं. ताईच्या हातातला कंगवा थांबला.

"कुणी नाही," मास्तर म्हणाले. "माझंच डोकं."

मॅडम ताईकडे वळल्या. "तुम्ही रोज येता. तुम्हाला काय वाटतं?"

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. ताईने कंगव्यातले केस काढले, त्यांची गोळी केली. "मला काय कळतं, मॅडम. मशीन सांगतंय तेच खरं असेल."

बोलल्या त्या मावशी. त्यांच्या तोंडून नुसता आवाज निघाला, शब्द बनेना, आणि त्यांना खुर्चीत बसवून जिन्याने खाली नेईपर्यंत तो आवाज येत राहिला. मास्तर मागे धावले तेव्हा त्या दोन माणसांतल्या एकाने त्यांना धरलं. त्यांनी त्याच्या हाताला चावा घेतला. त्याचीही नोंद झाली.

पुढे ताईची बदली महिला निवासात झाली, मावशींच्याच खोलीवर. घरचंच माणूस आहे, त्यांना बरं वाटेल, असं मॅडम म्हणाल्या. पहिल्याच सकाळी ताई ओला पंचा घेऊन जवळ गेली आणि मावशी तिच्या तोंडावर थुंकल्या.

"मावशी, माझं चुकलं," ताई कुजबुजली. "पण माझीही पोटची पोरं आहेत ना."

"तू," मावशी म्हणाल्या. "तू नको." एवढे शब्द त्यांनी नीट उच्चारले. रोज त्या थुंकायच्या, उजव्या हाताने ओरबाडायच्या. ताईने तक्रार केली नाही. गरजच नव्हती, भिंतीवरच्या डोळ्याने सगळं पाहिलं होतं. रुग्ण आक्रमक, असा निष्कर्ष निघाला. डॉक्टरांनी आपल्या खोलीतूनच गोळी वाढवली. फरक पडेना तेव्हा आणखी वाढवली.

मग मावशी शांत झाल्या. ताई कूस वळवी तशा वळू लागल्या. अंघोळ घालताना हात उचलला तर उचललेलाच राहायचा, ताई तो खाली ठेवी.

रविवारी स्क्रीनवर मास्तरांशी भेट असायची. पलीकडून ते दिसले, दाढी कुणीतरी वेडीवाकडी केलेली, गळा मोकळा. टेप काढून घेतली होती, गळफासाची भीती म्हणून. विभागात ते रोज सगळी उत्तरं अचूक द्यायचे, आणि उपचार लागू पडतोय म्हणून त्यांचा मुक्काम वाढत होता.

"अगं," मास्तर म्हणाले. "अगं, मी आहे. बघ ना इकडे."

मावशींची मान छातीवर पडली होती. ताईने त्यांच्या हनुवटीखाली हात घातला आणि चेहरा वर उचलून धरला. मास्तरांना नीट दिसावा म्हणून ओघळणारी लाळ दुसऱ्या हाताने पुसली.

मास्तर स्क्रीनच्या जवळ सरकले.

"ताई, मान सोडा तिची," ते म्हणाले. "दुखत असेल तिला."

ताईने हात काढला.