सांगता येत नाही

तिनं हेडफोन काढून टेबलावर ठेवला आणि स्क्रीनवरची उत्तरं पुन्हा वरपासून वाचली. दुसऱ्या देशावर आर्थिक निर्बंध लादावेत का? सांगता येत नाही. सीमेवर सैन्य वाढवावं का? सांगता येत नाही. मित्रदेशाच्या युद्धात उतरावं का? तेच. खालपर्यंत तेच, आणि वर नाव तिच्या कॉलेजातल्या बाईंचं.

"बाईंना सांगता येत नाही? काहीतरीच काय!"

ती इतक्या मोठ्यानं म्हणाली की शेजारच्या टेबलावरच्या तुफाननं दचकून मान वर केली. त्याचं खरं नाव काहीही असो, बाकीच्यांची एक मुलाखत होईतो याच्या दोन उरकलेल्या असत, म्हणून तो तुफान.

"कोण, त्या रिटायर्ड प्रोफेसर? मीच केला होता सकाळी फोन. गोड बाई आहेत गं, पण मत म्हणून काही नाही."

"असं त्या म्हणाल्या?"

"म्हणाल्या कुठे! प्रश्न विचारला की नुसतं 'हं', आणि मग गप्प. शेवटी मीच म्हणायचो, सांगता येत नाही असं लिहू का? तर म्हणायच्या, लिहा."

त्याचं तरी काय चुकलं म्हणा. या सर्वेक्षण केंद्रात सगळे तसंच करत. आंतरराष्ट्रीय संबंध शिकवणाऱ्या, त्यावर लिहिणाऱ्या अभ्यासकांना फोन करायचा, परराष्ट्र धोरणावरचे प्रश्न वाचायचे, समोरचा अडखळला की शेवटचा पर्याय पुढे सरकवायचा आणि पुढच्या प्रश्नाला लागायचं. पुरुष आणि स्त्री अभ्यासकांच्या मतांत फरक पडतो का, हे शोधायचं होतं. पुरुष मंडळी फारशी अडखळत नसत. एका प्राध्यापकांनी तर प्रश्न पुरा व्हायच्या आतच "अगदी सहमत" ठोकून दिलं होतं आणि कशाशी सहमत ते नंतर विचारलं होतं.

अहवाल उद्या जायचा होता. 'परराष्ट्र धोरणाबाबत स्त्री अभ्यासक पुरुषांपेक्षा अधिक अनिश्चित असल्याचे आढळते,' हे वाक्य संचालकांनी बैठकीत वाचून दाखवलं तेव्हा सगळ्यांनी माना डोलावल्या. तिनंही डोलावली. काहीतरी खटकत होतं, पण बैठकीत बोलायचं म्हटलं की ती समोरचे कागद नीट लावत बसायची. ऑफिसात तिचं नाव 'म्यूट' पडलं होतं ते उगाच नाही.

कॉलेजात तर ती त्याहून मुखदुर्बळ होती. शेवटचा बाक, खिडकीची बाजू, आणि तोंडातून ब्र निघेल तर शपथ. वर्गात तहांवर, करारांवर प्रश्न आला की पुढची मुलं हात वर करकरून बाकावरून अर्धी उठायची. बाई त्यांच्याकडे बघायच्याच नाहीत. एका दुपारी त्यांनी नेमकं हिच्याकडे बघून विचारलं, युद्ध जिंकलेल्या बाजूला तह कशाला लागतो? ही वहीची पानं उलटू लागली. वर्गात खुसखुस सुरू झाली. बाईंनी चष्मा काढला, रुमालानं सावकाश पुसायला घेतला आणि म्हणाल्या, "बोल. मला घाई नाही." काच पुसून झाली, दुसरी काच पुसून झाली, तरी त्या थांबून होत्या. आणि मग ही बोलली. काय बोलली ते तिला आता आठवतही नव्हतं, पण बोलली. आज ती या खुर्चीवर बसली होती ती त्या दुपारच्या पुण्याईवर. बाईंना मात्र हे कधी सांगायचं राहूनच गेलं होतं. सांगायचं म्हणजे पुन्हा बोलणं आलं.

ती उठली आणि संचालकांच्या दारावर टकटक केली.

"सर, एक मुलाखत परत घ्यायची आहे. त्या... त्या माझ्या बाई आहेत."

"मग तर तू अजिबात घ्यायची नाहीस. ओळखीच्या माणसाला फोन नाही, हा नियम तुला मी सांगायचा?"

एरवी ती "बरं सर" म्हणून वळली असती. आज पाय हलले नाहीत.

"मोजणीत धरू नका, सर. नुसती पडताळणी. तुम्ही ऐकायला बसा. मी ओळख देणार नाही. आपण थांबत नाही, सर. आपण कुणासाठीच थांबत नाही."

म्यूटच्या तोंडून एका दमात एवढी वाक्यं संचालकांनी प्रथमच ऐकली असावीत. त्यांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं, चहाचा कप बाजूला सरकवला आणि फोन स्पीकरवर टाकून तिच्यासमोर ठेवला.

बाईंचा आवाज थोडा खरखरीत झाला होता, बाकी तोच. केंद्रातून बोलतेय, पडताळणीसाठी काही प्रश्न पुन्हा विचारायचे आहेत, वरिष्ठही ऐकताहेत, चालेल ना, असं तिनं ठरल्याप्रमाणे सांगितलं. बाई म्हणाल्या, "चालेल की. विचारा."

तिनं निर्बंधांचा प्रश्न वाचला.

"हं," बाई म्हणाल्या, आणि गप्प झाल्या.

खोलीत पंखा तेवढा वाजत होता. संचालकांनी बोटानं खूण केली: पुढे चल. तिनं तळहात वर केला आणि तसाच धरून ठेवला. आपण साक्षात संचालकांना हातानं गप्प बसवलंय हे तिच्या जरा उशिरानंच लक्षात आलं. पण हात खाली घेतला नाही.

"असं बघा," पलीकडून आवाज आला. "सरसकट लादायला माझा विरोध आहे. त्यात राज्यकर्ते मजेत राहतात आणि दवाखान्यांतली औषधं संपतात. पण औषधं, धान्य वगळून, आणि काय केलं की उठवू हे आधीच जाहीर करून लादणार असाल, तर माझी हरकत नाही. तुमच्या पर्यायांत हे कुठे बसतं? 'काही अंशी सहमत' लिहा."

युद्धाच्या प्रश्नाला तर त्या त्याहून जास्त थांबल्या आणि मग म्हणाल्या, "नाही. साफ नाही. कारण विचारायची सोय आहे का तुमच्याकडे? नाही? मग नुसतं नाही लिहा." असं करत करत सगळे प्रश्न झाले. 'सांगता येत नाही' एकदाच आलं, आणि तेही का, हे त्यांनी ठणकावून सांगितलं. संचालकांच्या चहावर साय धरली होती.

"सकाळी तुम्ही सगळीकडे 'सांगता येत नाही' म्हणाला होतात," तिनं जपून विचारलं.

बाई हसल्या. "सकाळच्या मुलाला घाई होती हो बिचाऱ्याला. म्हटलं, कशाला त्याचा खोळंबा करा. सवयच झाली आहे म्हणा ना. आयुष्यभर बैठकांमध्ये मी विचार करेपर्यंत विषय पुढे गेलेला असायचा."

संचालकांनी हातातली पेन्सिल खाली ठेवली आणि हळू आवाजात म्हणाले, "उद्या अहवाल जात नाही. ज्यांनी ज्यांनी 'सांगता येत नाही' म्हटलंय, त्या सगळ्यांना परत फोन. पुरुषांनाही. काय निघायचं ते निघू दे, पण थांबून विचारायचं. त्या तुफानला तूच शिकव."

तिचा जीव भांड्यात पडला. आभार मानून ती फोन ठेवणार, तेवढ्यात बाई म्हणाल्या, "एक विचारू? इतका वेळ कुणी थांबत नाही हो. तुम्हाला हे कुणी शिकवलं?"

तिनं संचालकांकडे पाहिलं. ओळख द्यायची नाही, असं तिनंच कबूल केलं होतं. संचालकांनी गार झालेला कप उचलला.

"पडताळणी संपली माझी," असं पुटपुटत ते बाहेर गेले आणि दार ओढून घेतलं.

आता बोलायला हरकत नव्हती. पण इतक्या वर्षांचे आभार, सुरुवात कुठून करायची? तिनं तोंड उघडलं, मिटलं. फोन गप्प होता, पण तुटला नव्हता. पलीकडे चष्मा टेबलावर ठेवल्याचा बारीकसा आवाज झाला.

"बोल," बाई म्हणाल्या. "मला घाई नाही."