सहावी पाळी

वेन्डेल होकन्सनला ते धुकं स्वप्नात दिसायला लागून सहा महिने झाले होते. स्वप्नात मैदान नसायचं, माणसं नसायची. नुसता पांढरेपणा, आणि त्यात वर वर चढत गेलेला एक लांबोडा तपकिरी चेंडू. तो खाली यायच्या आत जाग यायची.

"आज तरी पडला का खाली?" शेजारून त्याची बायको सिग्ना विचारायची.

"नाही गं."

"मग झोप. पडेल तेव्हा सांग."

वेन्डेल ड्युलुथच्या अमेरिकन फुटबॉल संघासाठी खेळाडू हेरायचा; चेंडू हाताने फेकून झेलायचा तो खेळ. तीस वर्षं हेच केलं होतं त्याने. डकोटा, मोंटाना, वायोमिंग. जिथे रस्ता संपतो तिथे एखादं कॉलेज असतं आणि कॉलेजमागे एक मैदान. ऑक्टोबरात तो अशाच एका मैदानाच्या लाकडी फळीवर थर्मास घेऊन बसला होता. मिसुरी नदीवरून धुकं आलं आणि निम्मं मैदान गिळून बसलं. एमेट वोल्क नावाच्या पोराने चेंडू मागे नेला, क्षणभर थांबला आणि त्या पांढऱ्यात भिरकावून दिला. चेंडू गेला. कुणालाच काही दिसेना. बघणारे तोंडं उघडी टाकून बसले. मग पलीकडून, जणू दुसऱ्या गावातून, आरोळी उठली. चेंडू झेलला गेला होता.

वेन्डेलने त्या दिवशी वहीत एक अक्षर लिहिलं नाही.

एप्रिल आला. कॉलेजातून बाहेर पडणारी पोरं सगळे संघ एप्रिलात पाळीपाळीने उचलतात. दर फेरीत प्रत्येक संघाला एक पाळी, मागच्या वर्षी ज्याने मार खाल्ला त्याची आधी. ड्युलुथची पाळी एकोणिसावी होती आणि एमेट तोवर उरणार नाही हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. संघाचा व्यवस्थापक रॉस्को टिलरी सोमवारी सकाळी वेन्डेलच्या टेबलावर येऊन बसला.

"सहावी पाळी मिळतेय," तो म्हणाला. "बदल्यात आपली एकोणिसावी, दुसऱ्या फेरीतली, आणि पुढच्या वर्षीची पहिली."

"बापरे!"

"बापरे काय? सहा महिने तूच त्याच्या नावाचा जप करतोयस. तुझ्याइतकं त्याला कुणी पाहिलेलं नाही. तू हो म्हण, मी फोन फिरवतो."

हो अगदी ओठांवर आलं होतं. पण तीन पाळ्या म्हणजे तीन पोरं, आणि त्यांच्या बदल्यात हातात काय होतं, तर एक धुकं. वेन्डेलला पहिल्यांदाच आपल्या प्रेमाची भीती वाटली.

"गुरुवारपर्यंत थांब," तो म्हणाला. "एकदा बघून येतो."

अख्खा दिवस गाडी हाकून तो एमेटच्या घरी पोहोचला. वाटेत बर्फ वितळून शेतांत तळी साचली होती, त्यांत ढग उतरले होते, आणि कित्येक मैल त्याला कळेना की आपण रस्त्यावरून चाललोय की आभाळातून. दुसऱ्या दिवशी दुपारी एमेटच्या आईने बटाटे आणि कणकेच्या गोळ्यांचं दाट सूप पुढे ठेवलं, आणि तो संपवेपर्यंत समोरून हलली नाही.

"ते ऑक्टोबरातलं," चमचा खाली ठेवत वेन्डेलने विचारलं. "धुक्यात फेकलास तो. तुला काय दिसलं होतं?"

एमेट हसला. "काही नाही, सर."

"काहीच नाही?"

"लायल शिट्टी मारतो ना. लहानपणापासून. मी शिट्टीच्या बाजूला फेकतो. पुढचं तो बघून घेतो."

लायल फ्रेडीन म्हणजे तो चेंडू झेलणारा. वेन्डेलच्या वहीत त्याच्या नावापुढे एकच जुनी ओळ होती: बारीक, पळायला मंद. एमेटने त्याला बोलावून घेतलं. दोघं शाळेमागच्या मैदानावर गेले. लख्ख ऊन होतं. एमेट फेकत राहिला, लायल पळत राहिला. आयुष्यभराच्या सवयीने वेन्डेलची दुर्बीण चेंडूमागे जात होती. ती त्याने मुद्दाम लायलवर आणली आणि तासभर तिथेच ठेवली.

चेंडू कधी हातभर पुढे पडायचा, कधी खांद्याच्या मागे. लायल त्याआधीच तिथे असायचा, घाई न करता, फाटक उघडायला निघालेल्या माणसासारखा. लांबून पाहणाऱ्याला वाटावं, फेकच अचूक होती.

"लोक मलाच विचारतात," एमेट घाम पुसत म्हणाला. "त्याला कुणी काही विचारत नाही."

"गप ए," लायल म्हणाला. "अजून दहा फेक."

परतताना, गुरुवारी पहाटे, वेन्डेलने गाडी एका तळ्याकाठी उभी केली. पाण्यावर हजारो हंस उतरले होते. त्याच्या आत काहीतरी हलकेच सुटलं. दुःख म्हणावं तर तसं नव्हतं. मूठ उघडली आणि हात रिकामा निघाला, इतकंच.

संध्याकाळी निवडीच्या खोलीत रॉस्को फोन हातात धरून उभा होता. खिडकीबाहेर सरोवर अजून उजळ होतं. चार पाळ्या झाल्या होत्या.

"बोल."

"नको."

खोलीतली सगळी माणसं वळली. "नको?" रॉस्कोचा आवाज चढला. "अरे, वेड लागलंय का तुला? गावभर त्याची आरती ओवाळलीस, आणि आज नको?"

"पोरगा चांगला आहे, रॉस्को. कदाचित फार चांगला होईल. पण मी ज्याच्यावर भाळलो ते निम्मं दुसऱ्याचं होतं. त्या निम्म्यासाठी तीन पोरं दे असं मी तुला नाही सांगू शकत."

"आणि चुकलास तर?"

"तर चुकलो."

रॉस्कोने फोन खाली ठेवला. सहाव्या पाळीला दुसऱ्याच संघाने एमेटचं नाव घेतलं. ड्युलुथने एकोणिसाव्या पाळीला जॉर्जियाचा, समोरच्यांना अडवून धरणारा एक धिप्पाड गडी घेतला. शनिवारी, सगळे कंटाळून सँडविच खात असताना, सहाव्या फेरीत वेन्डेलने लायलचं नाव सुचवलं.

"घे बाबा, घे," रॉस्को म्हणाला. "तुझ्या जिवाला बरं वाटू दे."

एमेट दक्षिणेतल्या एका संघाकडे गेला. दोन वर्षं त्याने बाकावर काढली, आणि चौथ्या वर्षी ड्युलुथला येऊन ड्युलुथला धू धू धुतलं. लायलने त्या दिवशी ड्युलुथकडून नऊ चेंडू झेलले, तेही फेकणारा यथातथाच असताना. रॉस्को जाताना वेन्डेलच्या खुर्चीला लाथ मारून गेला, पण हळूच.

सामन्यानंतर मैदानाखालच्या बोळात दोघं मित्र बॅगा टेकवून उभे होते. वेन्डेलला पाहून एमेट पुढे आला.

"मला नको म्हणणारे तुम्हीच ना, सर?"

"हो. मीच."

"फार चिडलो होतो मी."

"चिडणारच."

एमेटने मान हलवली. मग लायलकडे अंगठा दाखवून म्हणाला, "जूनमध्ये लग्न आहे याचं. सांगितलं नसेलच तुम्हाला. हा स्वतःहून कधी काही सांगतो का!"

लायल कानापर्यंत लाल झाला. बाहेर बस हॉर्न द्यायला लागली आणि एमेट बॅग उचलून पळाला.

सिग्ना गाडी तापवून बसली होती. "काय म्हणाला एमेट?"

"जून मोकळा ठेव," वेन्डेल म्हणाला. "लग्नाला जायचंय."