माचावरचं बी

सखुबाई पुन्हा घरात गेली आणि काही न करता तशीच बाहेर आली. पडवीतल्या नव्या चुलीवर भात रटरटत होता, पण बाईचा पाय काही एका जागी ठरत नव्हता. घरातली जुनी चूल काल फोडली होती. तिथं आता नुसतं ताजं सारवण, आणि त्याच्या बरोबर वर, बांबूच्या माचावर, सखुबाईचं बी टांगलेलं. मक्याची कणसं, वाळक्या काकड्या, दुधी, वालाच्या शेंगा, सगळं वर्षभराच्या धुरानं काळंकुट्ट.

मुलुंडच्या डोंगरातल्या त्या वारली पाड्यात पेरणीआधी बी मागायचं ते सखुबाईच्या दारात. सासूच्या वेळेपासूनची रीत. डोंगराखाली टॉवर उठले, पाड्यातली तरणी पोरं त्या टॉवरांत वॉचमन झाली, बाया झाडूपोछाला लागल्या. पण घरामागच्या तुकड्यात काकडी लावायची वेळ आली की ज्याला त्याला सखुबाई आठवायची. ती मूठ भरून पदरात टाकायची आणि वर सुनवायची, गेल्या साली दिलेलं काय कोंबड्यांना घातलंस? मागणारा मुकाट ऐकून घ्यायचा. त्या दिवसापुरती ती पाड्याची पाटलीण असे, आणि खोटं कशाला बोला, तिला ते फार आवडायचं.

धूर गेला की बियाला कीड लागते, हे तिला कुणी शिकवायला नको होतं.

चूल बाहेर काढायला लावली रुक्मिणीनं. ही भांडुपची, मूळची मालवणकडची, घरोघरी फिरणारी आरोग्यसेविका. सखुबाईची चार वर्षांची नात नेत्रा सारखी घरघरायची. दवाखान्यात वाफ देऊन आणली की पुन्हा आठवड्यात तेच. रुक्मिणी एकदा आत डोकावली, डोळे चोळत बाहेर आली आणि तिनं सखुबाईला फैलावर घेतलं. घराला खिडकी नाही, सिलिंडर डोंगर चढवून आणायचा म्हणून गॅस फक्त पाहुण्यांच्या चहापुरता, आणि पोर दिवसभर चुलीपाशी. "मावशी, ह्या चेडवाची छाती म्हणजे काय लोहाराचो भातो?" सून श्वेताही तिच्याच बाजूनं बोलली. सखुबाईनं आधी कुरकुर केली, मग स्वतःच कुदळ उचलली. नातीपुढं बी काय, असं ती चार घरांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाली.

आणि पोर सुधारली की हो. खोकला उतरला, कोंबड्यांमागं धावायला लागली. रुक्मिणीनं सखुबाईचं तोंडभर कौतुक केलं. सखुबाई हसली, पण तिची नजर वर माचाकडं होती.

एका सकाळी सारवणावर पिठासारखी भुकटी दिसली. तिनं कणीस उतरवून झटकलं तर दाण्यांतून किडे पडले. दुसरं झटकलं, त्यातही तेच. पाड्याला तोंड कसं दाखवायचं? सासूनं जाताना हात धरून सांगितलं होतं, बी बुडवू नको. श्वेता कामावर गेलेली, नेत्रा अंगणवाडीत. पोर दुपारी येते, तोवर धूर निघून जाईल, असा हिशेब बाईनं केला. घमेल्यात निखारे घेतले, वर शेणी आणि ओला पाला घातला, घमेलं माचाखाली सरकवलं, दार लोटलं आणि हंडा घेऊन ती नळावर गेली. कितीतरी दिवसांनी तिला जरा हलकं वाटत होतं.

अंगणवाडीची बाई नेमकी त्या दिवशी मीटिंगला गेली होती. मदतनिसेनं पोरं लवकर सोडली.

सखुबाई परतली तर दाराशी नेत्राच्या चपला. हंडा तिथंच पडला. आत डोळ्यांत बोट घातलं तरी दिसत नव्हतं. खोकल्याच्या रोखानं चाचपडत तिनं पोर धरली. आजीला शोधत आत गेलेली पोर वाट न सापडून कोपऱ्यातल्या गोधड्यांत बसली होती. ओठ निळे पडले होते. तिला छातीशी धरून सखुबाई अनवाणी डोंगर उतरली. खाली रिक्षा मिळाली.

दवाखान्यात नेत्राच्या तोंडावर मास्क लागला. कुणी खुर्ची दिली तरी सखुबाई बसेना. पोरीची छाती वरखाली होताना बघत ती फेऱ्या मारत राहिली. रुक्मिणी धावत आली तशी ती म्हणाली, "मीच केलं. बियासाठी." एरवी रुक्मिणीच्या तोंडाचा पट्टा थांबत नसे, पण तेव्हा तिनं नुसता सखुबाईचा हात धरला. कामावरून तशीच आलेली श्वेता मात्र बोललीच.

"आये, तुझ्या भरवशावर सोडून जाते ना मी तिला."

सखुबाईला शरमेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं. संध्याकाळी नेत्रानं मास्क ओढून बिस्कीट मागितलं, तेव्हा कुठं ती रडली.

दुसऱ्या दिवशी तिनं माच रिकामा केला. किडकं कोंबड्यांना घातलं, उरलेलं चांगलं बी टोपलीत घेतलं आणि पाड्याच्या टोकाला बाळाच्या घरी गेली. बाळा म्हातारा, एकटा. घरात लेकरू नाही, चूल आतच, दिवसभर धुमसणारी. धुरापायी खोकला त्यालाही होता, पण तो रुक्मिणीला दाद देत नसे. मसणात जाताना चूल बाहेर नेईन म्हणायचा. त्याचं आणि सखुबाईचं कधी पटलं नव्हतं. तिनं न विचारता कणसं त्याच्या चुलीवर टांगली.

"आता पाड्याला बी तू द्यायचं," ती म्हणाली.

"लोक तुझ्याच दारात येतील."

"इकडं धाडीन."

पेरणीच्या तोंडावर लोक बाळाच्या दारात जमले. म्हातारा मुठी भरून बी वाटत होता आणि एकेकाला सुनवतही होता. मानाची सवय लागायला माणसाला वेळ लागत नाही. सखुबाई नेत्राचं बोट धरून सगळ्यांच्या मागं उभी होती. तिची पाळी आली तसा बाळा गडबडला, टोपलीच तिच्यापुढं सरकवायला लागला. तिनं मान हलवली आणि पदर पसरला. बियासाठी तिनं आजवर कुणापुढं पदर पसरला नव्हता.

"मूठ घाल," ती म्हणाली. "आणि सुनवायचं ते सुनव."

बाळानं मूठ घातली. मग दुसरीही घातली.

नेत्रानं पदरातल्या धुरकट बियात नाक खुपसलं. "आजी, आपल्या घराचा वास येतोय."

सखुबाईनं पदराला गाठ मारली आणि पोरीला घेऊन ती घराकडं निघाली.